पाहुणे किती, ते झिऱ्याने ठरवलं

नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर मी शिक्षक आहे. घर शहाद्याला, नोकरी डोंगरात. पाड्याचं नाव देत नाही, कारण न विचारता गाड्या येऊ नयेत असा ग्रामसभेचाच ठराव आहे आणि तो मीच माझ्या अक्षरात लिहिलाय.

आमच्या भागात पर्यटन म्हणजे तोरणमाळ. लोक यशवंत तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट बघतात, फोटो काढतात आणि अंधाराच्या आत घाट उतरतात. रस्त्याकडेच्या माणसाला चार कणसांचे पैसे मिळतात, वर वेफरची पाकिटं उरतात. पाड्यावर राहायला कुणी येईल असं मी म्हटलं तेव्हा शहाद्याचा मित्र हसला होता, "आठे कोन येई रे भो?" म्हणजे इथे कोण येणार?

येणारे आधीच येत होते, पक्षी बघायला. रानपिंगळा हे लहानसं घुबड 1884 नंतर कुणा अभ्यासकाच्या हाती लागलं नव्हतं. ते नामशेष झालं असंच धरून चालले होते. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसलं. हे घुबड भर दिवसा वावरतं, त्यामुळे आमच्या पोरांना त्याचं फार अप्रूप नाही. पण मोठ्या कॅमेऱ्यांच्या गाड्या येऊ लागल्या. एका टोळीने स्पीकरवर त्याचा आवाज सारखा वाजवून पक्ष्याला बाहेर काढलं. आपल्या हद्दीत दुसरा नर आलाय असं समजून तो बिचारा इकडून तिकडे ओरडत फिरला. ड्रायव्हरला पैसे मिळाले, शहरातल्या एजंटाला मिळाले. पाड्याला काही नाही. ही गोष्ट ग्रामसभेत निघाली आणि पाहुणे पाड्यानेच ठेवायचे, हे तिथून सुरू झालं.

पहिला प्रश्न, उतरायचं कुठे? तोवर एक पार्टी कॉटेजचा आराखडा घेऊन आलीही होती. जागा तुमची, पैसा आमचा, असं त्यांचं म्हणणं. दोनचार तरुणांचे डोळे चमकले. मग आम्ही वनहक्क कायदा काढून बसलो, 2006 चा. वनपट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क, वारसाने मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. गावाच्या सोयीसाठी वनजमीन वळवता येते, त्याची यादी कलम 3(2) मध्ये आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचं पाणी अशा तेरा गोष्टी. त्यात पर्यटकांचा निवास नाही. मला तर बरंच वाटलं. गावातल्या गावात भांडण लागण्याआधी कायद्यानेच नाही म्हटलं. पाहुणे आहे त्या घरांतच राहतील, हे तिथेच ठरलं.

आता पाणी. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

आमच्याकडे नळ आहे, पण त्याचा भरवसा दिवाळीपर्यंत. पुढे नाल्यातला झिरा, म्हणजे पाणी झिरपून साठणारा खड्डा. फेब्रुवारीपासून बाया वाटीने पाणी भरतात आणि मे महिन्यात हंडा भरायला रात्री उठतात. पुरुषांची बैठक चालली होती, दहा घरं घेऊ, वीस पाहुणे घेऊ, सुट्ट्यांत जास्त येतील म्हणून उन्हाळ्यात तर घेऊच. मागे बसलेल्या एका बाईने विचारलं, "गुरुजी, शहरातलं माणूस आंघोळीला किती बादल्या घेतं?" मी म्हटलं दोन तरी. ती म्हणाली, मग त्या भरायच्या कुणी? बैठक तिथेच थांबली. पुढच्या बैठकीला बाया पुढे बसल्या. पावसाळा उतरल्यापासून जानेवारी संपेपर्यंतच पाहुणे, एका वेळी आठ, पाण्याची जबाबदारी त्या घरच्या पुरुषाची, आणि फेब्रुवारीपासून बंद. सुट्टीचा हंगाम हातचा गेला म्हणून गावचे कारभारी अजून कुरकुरतात. मी बायांच्या बाजूने आहे.

दारूचंही त्यांनीच मिटवलं. मोहाची सोय असेल का, हे शहरातून फोनवर विचारतात, आधी हेच विचारतात. पाहुण्याला विकायची नाही, असा ठराव झाला. होळीचं जरा नाजूक होतं. नवस धरलेले गडी होळीला बुध्याचं सोंग घेऊन नाचतात, त्याआधी कडक पाळणूक असते. त्यांच्या तोंडापुढे ड्रोन नको. म्हणून होळी आमच्या कार्यक्रमात नाही. कुणाच्या घरचा पाहुणा म्हणून आलात तर या, तिकीट लावून नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण ज्यांना हे करायचंय ते हेच विचारतात. अक्राणी, म्हणजे आमचाच धडगाव तालुका, पूर्ण अनुसूचित क्षेत्रात, त्यामुळे पेसा लागू, आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा. ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. सामूहिक वनहक्क आधीच मिळाला होता, म्हणून जंगलातल्या वाटा कोणत्या दाखवायच्या हे ग्रामसभेच्या समितीने ठरवून वनखात्याला लेखी कळवलं. राहण्यासाठी 2020 च्या कृषी पर्यटन धोरणातून जावं असं आधी वाटलं होतं. पण धड सातबारा असलेली घरं मोजकीच, बाकी सगळे वनपट्टेवाले. मग न्याहारी व निवास योजनेचा रस्ता धरला. घराचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना 8. तरी एका कार्यालयात साहेब सातबाराच मागत राहिले. वनपट्ट्याचं प्रमाणपत्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि "हे चालत नाही" म्हणाले. कुठल्या नियमाने, ते लेखी द्या, असा अर्ज दिला. त्या अर्जानंतर फाइल हलली. तोंडी नकार कधी घेऊ नका. खाणं देणार म्हणून अन्न परवान्याची साधी नोंदणी केली, तेव्हा वर्षाला 100 रुपये होते. आणि परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. आमच्याकडे रेंज डोंगराच्या सोंडेवर मिळते, म्हणून हे काम कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीकडे दिलंय, तिला पायपीट चालते. मी नोकरदार. माझं नाव एकाही कागदावर नाही, ठेवूही नये.

संडास मात्र लाह घालून, म्हणजे एकमेकांच्या मदतीने बांधले. घरटी एक माणूस, जेवण ज्याच्याकडे बांधकाम त्याच्याकडे. हे शेतात चालतं तसंच इथे चाललं, अनुदानाची वाट पाहावी लागली नाही.

जेवणावरून गंमत झाली. खानदेशात आलोय म्हणून शेवभाजी आणि भरीत हवं, असा पाहुण्यांचा हट्ट. ते जळगावात खा, असं सांगायला बाया आधी लाजत होत्या, आता बिनधास्त सांगतात. मक्याची भाकरी, उडदाची दाळ, अंबाडीची भाजी, आमचूर घातलेली आमटी. आमचूर आमच्या डोंगराचाच माल. व्यापारी नेतो त्या भावापेक्षा पाहुणा जास्त देतो. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली खरी कमाई तीच आहे, खोलीभाडं नव्हे.

पैशाचं असं: घरांची पाळी, शंभरातले वीस ग्रामसभेच्या खात्यात, वाट दाखवणाऱ्या पोराची मजुरी वेगळी. रानपिंगळा ऑक्टोबर ते मे विणीवर असतो, म्हणजे आमचा हंगाम त्याच्या विणीतच येतो. म्हणून ढोलीजवळ जायचं नाही, आवाज वाजवायचा नाही. पक्षी दिसेलच अशी हमी पोरं देत नाहीत. एक साहेब त्यावरून रागावून निम्मे पैसे देत होते. पोराने घेतले नाहीत, पूर्ण मागितले, आणि मिळाले.

सध्या शेजारच्या पाड्याने आमच्या ठरावाची प्रत मागितलीय. दिली. त्यांनी दारूचं कलम गाळून आणि आठाचे वीस करून तो ग्रामसभेपुढे ठेवलाय. पण त्यांचा आमचा झिरा एकच, त्यामुळे आमच्या बाया त्यांच्या बैठकीला निघाल्यात, आणि इतिवृत्त लिहायला गुरुजींनीही चलावं असं त्यांचं म्हणणं आहे.