पावस ते रत्नागिरी, कार्तिकीला चालत

आषाढीला अख्खा महाराष्ट्र पंढरपूरच्या रस्त्याला लागलेला असतो तेव्हा आमचा कोकणातला माणूस गुडघाभर चिखलात लावणी करत असतो, त्यामुळे आमच्याकडचे जुने वारकरी पहिल्यापासून कार्तिकीवाले. भात कापून झोडून घरात आलेलं असतं, पाऊस गेलेला असतो, मग माणूस मोकळा होतो. आणि ज्याला घाट चढून पंढरपूर जमत नाही त्याच्यासाठी रत्नागिरीतलं जुनं विठ्ठल मंदिर आहेच, प्रतिपंढरपूर म्हणतात त्याला, कार्तिकीला तिथे जोरदार जत्रा भरते. आमची छोटीशी दिंडी पावसहून निघून तिथपर्यंत चालत जाते. 18-20 किमी असेल. देहू-आळंदीवाले हसतील, हसू देत.

निघालो तेव्हा मिट्ट काळोख होता, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरापाशी जमलो, टाळ वाटून झाले, चहा झाला. स्वामींचं मला कायम नवल वाटतं. 1903 ला पावसलाच जन्म, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास, मग मोठं आजारपण, आणि त्यातून उठल्यावर पुढची चाळीसेक वर्षं, म्हणजे 1974 ला देह ठेवेपर्यंत, गावातल्याच एका घरात राहून साधना. लोक काय म्हणतात तर ते मुळातच अवतारी पुरुष. मला विचाराल तर हा अवतारी शब्द आपण आपल्या सोयीसाठी वापरतो, एकदा एखाद्याला अवतारी म्हणलं की तसं काही करायची आपल्यावर जबाबदारी राहत नाही, हार घालायचा आणि घरी जायचं.

गोळपची चढण लागली तशी भजनं जरा थांबली आणि गप्पा सुरू झाल्या. एक काकी त्यांच्या पुतण्याबद्दल सांगत होत्या, पितो, बायकोवर ओरडतो, आणि शेवटी आपलं नेहमीचं, "जाऊ दे गो, बापाचं रक्त, स्वभावाला औषध नाय."

आमचे बुवा पुढे चालले होते ते थांबले. बुवा म्हणजे आयुष्यभर मच्छीमारी केलेला माणूस, गळ्यात तुळशीची माळ. म्हणाले, "रक्ताचं काय सांगतेस? माझा बापूस तिन्हीसांज झाल्यावर शुद्धीत कधी दिसला नाय. मग मी पण गुत्त्यातच असायला पायजे होतो." काकी गप्प.

मग चालता चालता त्यांनी सांगितलं ते असं, की माळ घातली तेव्हा घरच्यांनी पण वेड्यात काढलं होतं. घाटावर शेतकऱ्याने माळ घातली तर एक वेळ ठीक, पण दर्यावर जाणाऱ्या माणसाने मासे सोडायचे म्हणजे काय? लाँचवर जेवण एकच, भात आणि जाळ्यात आलेल्या ताज्या मासळीचं कालवण. बुवा घरून लोणच्याची बरणी न्यायचे, आणि भाताच्या टोपात कालवणाचा डाव बुडायच्या आधी आपला भात वेगळा काढून घ्यायचे. सुरवातीला खलाशी मुद्दाम त्यांच्या ताटलीत तळलेला बांगडा टाकायचे. हे तो उचलून शेजारच्याच्या ताटलीत ठेवायचे आणि खालचा तेलकट झालेला भात बाजूला सारून उरलेला खायचे, भांडण नाही, भाषण नाही. मी विचारलं, तिथे भर समुद्रात एक तुकडा खाल्ला असतात तर कोणाला कळणार होतं? बुवा म्हणाले, "म्हणून तर नाय खाल्ला."

आता मासे खाणं वाईट असं माझं म्हणणं अजिबात नाही (मी आठवड्यातनं चारदा खातो), बुवांचं पण नाही, त्यांच्या घरात रोज मासळी शिजते. मला त्यातली दुसरी गोष्ट पटली. दारू सोडणं हे माळेच्या नियमात येतंच, पण ते म्हणाले की दारूपेक्षा हा बांगडाच जास्त कामी आला, कारण रोज तीनदा नाही म्हणायची सवय झाली, आणि गुत्त्याकडे पाय वळले तेव्हा नाही हा शब्द तोंडात तयारच होता. तुकोबा म्हणतात ना, आपुलिया हिता जो असे जागता. यात दुसऱ्या कोणाला जागं राहायला सांगितलेलंच नाही, बापाला नाही, सरकारला नाही.

हां, पण यातनं कोणी उठून गरिबाला सांगायला लागला की तुझी परिस्थिती हा तुझाच दोष, तर ते मला मान्य नाही. कोकणात कित्येक घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर जगली ती काही हौसेने नाही. कोणाच्या पोटी जन्मलो, बागेची वाटणी कशी झाली, हे आपल्या हातात नसतं. पण रोज समोरच्याशी कसं बोलायचं, दिलेला शब्द पाळायचा का, हे कोणत्या सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं? आपण मात्र ते पण भाऊबंदकीच्या नावावर खपवतो.

फणसोपच्या बाजूला उतरताना बुवांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिंडीतली वीणा जमिनीला टेकवत नाहीत, उतरवायची तर दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, आणि देणारा घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. बुवा माझ्या वडलांच्या वयाचे, ते वाकले तेव्हा मला कसंनुसं झालं. आणि लगेच खिशात फोन थरथरायला लागला, ऑफिसचाच असणार, सुट्टी टाकलेली असून, एरवी मी तिथेच उभा राहून दोन शब्द सुनावले असते. पण एका हाताने वीणा धरलेली, दुसऱ्या हाताने तार छेडायची, पट्टा मानेला काचत होता, फोन वाजून वाजून बंद पडला. तासाभराने परत फोन केला तेव्हा बोलणं दोन मिनिटांत आणि आवाज न चढवता झालं. त्याचं श्रेय वीणेला का मला, ठरवा तुम्ही.

भाट्याच्या सुरूबनापाशी केळी आणि रताळी खाल्ली, मग काजळी नदीवरचा पूल, डाव्या हाताला समुद्र, पलीकडे राजीवड्याच्या होड्या, आणि शहरात शिरलो ते थेट जत्रेच्या गर्दीत. दर्शनाची रांग ही लांब. रांगेत मी बुवांना म्हणलं, माझ्याच्याने माळ काही व्हायची नाही, सुरमई सुटणार नाही.

"कोण सांगतंय सोडायला," ते म्हणाले, "तुला जे सुटायला पायजे ते तू ठरव, मला सांगू पण नको."

मी ठरवलंय. त्यांना सांगितलेलं नाही, इथे पण सांगत नाही.

पुढच्या कार्तिकीला कोणाला यायचं असेल तर आदल्या रात्रीच पावसला मुक्कामाला या, पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. आणि नवे बूट घालून येऊ नका, जुनी चप्पल बरी, गोळपच्या पुढे कातळावर ऊन लागायला लागलं की बुटात पाय शिजतात.