उलट्या प्रवाहाने लँगोलेनपर्यंत

आमच्या पवनी तालुक्यात गोसीखुर्दच्या कालव्याला जुनी माणसे नहर म्हणतात. नहर म्हणजे धानाच्या बांधीपर्यंत पाणी आणणारी वाट, एवढाच तिचा अर्थ मला वयाच्या पन्नाशीपर्यंत ठाऊक होता. अशा पाण्यावर आठवडाभर नावेत राहता येते आणि संध्याकाळी काठावरच्या पबमध्ये तिथल्या गावकऱ्यांशेजारी बसता येते, हे मी गेल्या सप्टेंबरात, रोवणी आणि निंदण आटोपल्यावर, इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरील लँगोलेन कालव्यावर अनुभवले. सोबत नागपूरच्या वसतिगृहातील तीन मित्र होते. त्यांतील एक बर्मिंगहॅमला स्थायिक झाला आहे आणि हा बेत त्यानेच आखला होता.

रेनबरी या गावी आम्ही नॅरोबोट, म्हणजे राहण्याची सोय असलेली लांब अरुंद नाव, भाड्याने घेतली. तिची रुंदी जेमतेम 2.1 मीटर असते, कारण ज्या लॉकमधून, म्हणजे नावेला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणाऱ्या दोन दारांमधल्या पाण्याच्या हौदातून, तिला जावे लागते तेही तेवढेच अरुंद असतात. कालव्यावरील वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे आणि काठाला बांधलेल्या नावांजवळून जाताना त्याहूनही हळू जावे लागते, त्यामुळे काठच्या पायवाटेवरून चालणारी माणसे आम्हाला सहज मागे टाकत. ही पायवाट मुळात नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नावेचे तोंड उजवीकडे वळते, हे अंगवळणी पडायला मला पहिला दिवस लागला. धिवरांच्या डोंग्यात लहानपणी बसलो होतो, पण बांबूने डोंगा ढकलणे वेगळे आणि एवढी लांब लोखंडी नाव पुलाखालून नेणे वेगळे.

खरे काम लॉकवर होते. नाव चढवायची असेल तर तिला खालच्या दारातून आत घ्यायचे, दार आणि त्याच्या झडपा लावून घ्यायच्या, मग विंडलास नावाच्या हँडलने वरच्या झडपा उचलून पाणी आत सोडायचे. पाणी समपातळीला आले की वरचे दार माणसाच्या पाठीच्या रेट्याने उघडते. तोवर तसूभरही हलत नाही, कितीही जोर लावला तरी. एका वेळी लाखभर लिटरहून अधिक पाणी असे खाली जाते. ग्रिंडली ब्रूकला सहा लॉक आहेत आणि त्यांतील तीन जिन्यासारखे एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणजे एका लॉकचे वरचे दार तेच पुढच्याचे खालचे दार. तिथे लॉकवरचा माणूस सांगेल त्याच क्रमाने झडपा उघडाव्या लागतात.

पबबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण घरून निघताना आमच्यातील माळकरी मित्राला त्याचीच चिंता होती. रेनबरीचा डस्टी मिलर हा जुन्या पिठाच्या गिरणीत भरतो, तर विलीमूरचा पब थेट लॉकच्या कडेला आहे. पबमध्ये टेबलापाशी कोणी विचारायला येत नाही. स्वतः काउंटरवर जाऊन मागायचे, आणि सोबतच्या मंडळींसाठी एकेकाने पाळीपाळीने आणायचे. माळकरी मित्र लिंबू-सोडा घेऊन आमच्याइतकाच वेळ बसला आणि कोणालाही ते खटकले नाही. शेजारच्या टेबलावरच्या एका वृद्ध शेतकऱ्याने धानाची रोवणी कशी करतात हे इतक्या आस्थेने विचारले की मी कागदावर बांधी काढून दाखवली. नाव काठाला बांधल्याशिवाय कोणीही ग्लासला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही आठही दिवस पाळला.

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की पाण्यावरची पाने आमच्या उलट दिशेने सरकत आहेत. कालव्याला प्रवाह होता! डी नदीचे पाणी हा कालवा हर्लस्टनच्या जलाशयापर्यंत नेतो आणि तिथून ते पिण्यासाठी जाते. 1944 मध्ये कायद्याने या कालव्यावरील नौकानयन बंद करण्याची मुभा मिळाली, तरी पाण्याच्या गरजेमुळे तो बुजवला गेला नाही. म्हणजे नावा आज तिथे फिरतात त्या पाणी पोचवणाऱ्या नहरीवरच. हे कळल्यापासून तो कालवा मला परका वाटला नाही.

वाटेतला पाँटकसल्टेचा जलसेतू, म्हणजे कालवा नदीवरून पलीकडे नेणारा पूल, 1805 मध्ये खुला झाला. टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांनी डी नदीवर 18 दगडी खांब उभे करून 307 मीटर लांबीचे ओतीव लोखंडाचे पात्र त्यांवर ठेवले आहे. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे, दुसऱ्या बाजूला पात्राच्या काठापलीकडे काहीच नाही, आणि नदी 38 मीटर खाली आहे. सुकाणू माझ्या हातात होते. मित्र एरवी सतत बोलणारे, ते पलीकडच्या टोकापर्यंत गप्प राहिले.

लँगोलेन गावाच्या पुढे इंजिनाच्या नावांना सहसा जाऊ देत नाहीत, म्हणून हॉर्सशू फॉल्सपर्यंत आम्ही पायी गेलो. टेलफर्डने बांधलेला तो अर्धवर्तुळाकार बंधारा फार उंच नाही. त्याच्या कडेने नदीचे पाणी शांतपणे कालव्यात वळते. माळकरी मित्राने तिथे वाकून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले, जसे तो पवनीला वैनगंगेच्या घाटावर लावतो, आणि आम्ही तिघेही त्याच्यामागून पाण्याशी उतरलो.