खाडीचं पाणी आणि ऑनर्स विथ रिसर्चचा अर्ज : माझा अनुभव

बीएस्सीच्या चौथ्या वर्षाला, म्हणजे ऑनर्स विथ रिसर्चला अर्ज करायचं ठरवलं तेव्हा विचारायला वरच्या वर्गातलं कुणीच नव्हतं. नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची पदवी राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. आमची तुकडी त्यातली पहिलीच. एरवी सीनियर असतात, त्यांच्या फायली असतात, कुठल्या मॅडम काय विचारतात हे माहीत असतं. आम्हाला त्यातलं काही नव्हतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे. मी ठाण्यात मायक्रोबायोलॉजी शिकते, त्यामुळे उदाहरणं त्या विषयातली येतील. झूलॉजी, बायोटेक, न्यूट्रिशनच्या मुलांनाही वाट साधारण हीच आहे.

आधी पात्रता. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष करायचं तर साधं ऑनर्स किंवा ऑनर्स विथ रिसर्च, असे दोन पर्याय. रिसर्चसाठी पहिल्या सहा सेमिस्टरचे मिळून ७५ टक्के, म्हणजे ७.५ सीजीपीए लागतो. संशोधन प्रकल्पाला १२ क्रेडिट असतात, रिसर्च मेथडॉलॉजीचा वेगळा पेपर असतो आणि मेजर विषयाचे पेपर चालूच राहतात. वर्षभर फक्त लॅबमध्ये बसायचं, अशी समजूत असेल तर ती आधीच काढून टाका. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, सूचनांप्रमाणे विभागात पीएचडीला मार्गदर्शन करण्याची मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक असावे लागतात. आपल्या विभागात ते आहेत का, हे पाचव्या सेमिस्टरमध्येच विचारा. नसतील तर दुसऱ्या महाविद्यालयात चौकशी करायला तेवढा वेळ हाताशी राहतो.

घरी बाबांनी विचारलं, "म्हणजे एक वर्ष वाढलं ना?" वाढत नाही. तीन वर्षांच्या पदवीनंतर एमएस्सी दोन वर्षांची, चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एक वर्षाची. दोन्हीकडून पाचच वर्षं होतात. शिवाय चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एमएस्सी न करताही पीएचडीच्या प्रवेशाला पात्र ठरता येतं. यूजीसीने २०२२ मध्ये पीएचडीचे नियम तसे बदलले. हे सगळं एका कागदावर मांडून दाखवल्यावर बाबा शांत झाले. आईचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला. "ती एक वर्षाची एमएस्सी तुझ्या विषयात आपल्या जवळपास कुठे आहे, ते पाहिलंस का?" नियमात सोय असणं आणि आपल्या विषयाला जागा असणं यात फरक आहे. अर्जाआधी हा फोन ज्याने त्याने स्वतः करावा.

आता मुख्य गोष्ट. फॉर्म भरायला अर्धा तासही लागत नाही. सगळा जीव सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या छोट्या प्रस्तावात असतो, आणि सिनॉप्सिसचा जीव त्यातल्या एका प्रश्नात.

माझ्या आजीला वरचेवर लघवीचा जंतुसंसर्ग होतो. तिच्या कल्चर रिपोर्टवर एकाखाली एक औषधांची नावं आणि त्यांच्यापुढे ओळीने 'रेझिस्टंट' असं छापलेलं मी दुसऱ्या वर्षापासून बघत आले आहे. त्यामुळे विषय मनात पक्का होता: रुग्णांच्या लघवीच्या नमुन्यांमधला प्रतिजैविकांना दाद न देणारा ई. कोलाय हा जंतू. ज्यांच्याकडे मला प्रकल्प करायचा होता त्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नमुने कुणाचे? त्यांची संमती कोण घेणार?"

माणसांशी संबंधित कुठलंही संशोधन एथिक्स कमिटीपुढे जावं लागतं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी आहेत. पॅथॉलॉजी लॅबमध्ये उरलेले, नाव काढून टाकलेले नमुने वापरायचे म्हटले तरी प्रस्ताव कमिटीसमोर ठेवावाच लागतो. मोकळीक द्यायची की नाही हे ती ठरवते. कमिटीत डॉक्टर असतात, कायदा जाणणारी व्यक्ती असते, समाजशास्त्रातलं कुणी असतं आणि विज्ञानाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्तीही असते. ती सामान्य व्यक्ती मला फार आवडली. संमतिपत्र माझ्या आजीला कळेल का, हे तिथे बसून विचारणारं कुणीतरी असायलाच हवं. पण प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाकडे अशी कमिटी नसते आणि परवानगीला महिने जाऊ शकतात. आमच्या हातात जून-जुलैपासून एप्रिलपर्यंतचा काळ. आरोग्याचा विषय घेणाऱ्यांनी हा हिशोब पहिल्या दिवशीच मांडावा. रुग्णांवरचं काम करायचं असेल तर ज्यांच्याकडे कमिटी आहे अशा रुग्णालयातला सहमार्गदर्शक सहाव्या सेमिस्टरआधी मिळवायला हवा.

मॅडम मग म्हणाल्या, "रुग्णाच्या शरीरातून ते जंतू पुढे कुठे जातात?" सांडपाण्यात. सांडपाणी नाल्यात आणि नाला खाडीत. प्रश्न तोच राहिला, फक्त तो विचारायची जागा बदलली.

ठाण्याची खाडी म्हटलं की फ्लेमिंगो डोळ्यांसमोर येतात. फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं. अभयारण्याच्या हद्दीत संशोधनासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. ते अभयारण्य ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान आहे, म्हणून आम्ही वर सरकलो, कळव्याच्या पुलाच्या बाजूला. खाडीवर काम करू इच्छिणाऱ्या नवी मुंबईच्या मुलांनी नमुन्याची जागा ठरवण्याआधी नकाशावर हद्द पाहावी.

माझं पहिलं शीर्षक होतं 'ठाणे खाडीतील प्रतिजैविक प्रतिरोध'. मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, "कुठला जंतू? कुठलं औषध? कुठे? कधी?" या चारही प्रश्नांची उत्तरं भरत गेल्यावर शेवटी उरलं ते असं: नाला खाडीला मिळण्याआधी आणि मिळाल्यानंतर, अशा दोन ठिकाणच्या ई. कोलायमध्ये ईएसबीएल बनवणाऱ्या जंतूंचं प्रमाण पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळं असतं का? ईएसबीएल हे एक एन्झाइम. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स ही प्रतिजैविकं ते तोडून टाकतं, म्हणजे ज्या इंजेक्शनांवर रुग्णालयं भिस्त ठेवतात तीच निकामी होतात. ते ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. म्यूलर-हिंटन अगार या जंतू वाढवायच्या माध्यमावर जंतू पसरून सेफ्टाझिडिम या सेफॅलोस्पोरिनची एक डिस्क नुसती ठेवायची आणि एक त्या एन्झाइमला अडवणाऱ्या क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसह. दुसरीभोवतीचं, जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ पहिलीपेक्षा ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठं आलं, की ईएसबीएल. हे आमच्या लॅबमध्ये होण्यासारखं आहे, हे सिनॉप्सिसमध्ये दाखवता आलं आणि तीच त्याची ताकद ठरली. माझ्या वर्गातल्या काही हुशार मुलांनी जीनोम सिक्वेन्सिंग लिहिलं होतं. त्यांना पहिलाच प्रश्न आला की ते करणार कुठे आणि पैसे कोण देणार.

गाइड मिळवणं हा प्रकार लाजून होत नाही. प्रत्येक मार्गदर्शकाकडे जागा मोजक्या असतात आणि त्या अर्जाची तारीख जाहीर होण्याआधीच तोंडी भरतात. मी आधी मॅडमचे प्रसिद्ध झालेले शोधनिबंध वाचले, मग भेटले. "मॅडम, मला तुमच्याकडे प्रोजेक्ट करायचा आहे," एवढंच सांगण्यापेक्षा "तुमच्या त्या कामातली ही पद्धत मला नाल्याच्या पाण्यावर वापरून बघायची आहे," असं म्हटल्यावर बोलणं पुढे जातं.

कागदपत्रं नेहमीचीच: गुणपत्रिका, बोनाफाईड, सिनॉप्सिस, गाइडचं संमतिपत्र, एबीसी आयडी (क्रेडिट जिथे जमा होतात त्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक). सहाव्या सेमिस्टरचा निकाल यायचा असेल तर तात्पुरता प्रवेश मिळतो का, ते लेखी विचारून घ्या. माझ्या एबीसी खात्यात एका कोर्सचे क्रेडिट दिसतच नव्हते. संबंधित कार्यालयाने ते चढवायला बरेच दिवस लावले. डिजिलॉकरमध्ये जाऊन प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट आत्ताच तपासा.

मुलाखतीत सिनॉप्सिस सादर करायचं होतं. तीन प्राध्यापक, त्यातले एक बाहेरचे. बाहेरच्या सरांनी पहिल्याच स्लाइडवर थांबवलं. "भरतीच्या वेळी घेतलेला नमुना आणि ओहोटीच्या वेळचा नमुना एकच धरणार?"

याचं उत्तर मला पुस्तकातून मिळालं नव्हतं. आमच्या ओळखीचे एक काका चेंदणी कोळीवाड्यातले. त्यांच्याशी आधी बोलले होते. त्यांनी सांगितलं होतं की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नाल्यात आत घुसतं आणि अष्टमीच्या सुमाराला, भांगाला, तेवढा जोर नसतो. म्हणून मी प्रत्येक वेळी भांगाच्या दिवसांत, ओहोटी सुरू झाल्यावर ठरावीक वेळाने नमुना घ्यायचं लिहिलं होतं, म्हणजे पाणी नाल्याकडून खाडीकडे जात असेल. क्षारतेची नोंदही ठेवणार होते. सरांनी विचारलं, हे कुठे वाचलंस? मी काकांचं सांगितलं. सर म्हणाले, "आभारांच्या पानावर त्यांचं नाव घाल." ते मी घालणारच आहे.

दुसरा प्रश्न होता लेप्टोचा. पावसाळ्यात नाल्यावर उभी राहणार, तर दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचं काय? गमबूट, हातमोजे, अंगावर जखम असेल तर त्या दिवशी नमुना घ्यायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही, काठावरून दोरीच्या बादलीने पाणी काढायचं आणि एकटीने जायचं नाही. हे सगळं मी लिहून नेलं होतं. काम झाल्यावर औषधांना न जुमानणारे जंतू टाकणार कुठे, हेही विचारलं. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर मारल्याशिवाय एकही प्लेट लॅबबाहेर जाणार नाही, असं सांगितलं. आरोग्याशी संबंधित विषयाला हे प्रश्न येणारच. सुरक्षिततेचं पान सिनॉप्सिसला आपणहून जोडा.

शेवटी मॅडमनीच विचारलं, "दोन्ही ऋतूंत काहीच फरक दिसला नाही तर?" मी म्हटलं, तर तेच लिहीन. पावसाचं एवढं पाणी येऊनही प्रमाण घटत नसेल, तर जंतू तेवढ्याच प्रमाणात येत राहताहेत का, हे तपासायला लागेल.

निवड झाल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात मॅडमनी चाचणी म्हणून एक नमुना आणायला सांगितला. बर्फाच्या डब्यातून बाटल्या आणल्या आणि त्यातलं पाणी त्याच दुपारी मॅकॉन्की अगारवर पसरवलं. नाल्याच्या पाण्याच्या प्लेटवर वसाहती इतक्या दाट आल्या की मोजताच येईनात. आता दहा हजार पट विरल करून पुन्हा लावायचं आहे, आणि तेही जमलं नाही तर एक लाख पट.