व्याह्यांच्या शेतावर हरणांचा हंगाम

लेकीचं सासर रिचलंड सेंटरच्या पुढे, विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या डोंगरात आहे. तिकडे थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणांची शिकार करायचा हंगाम सुरू होतो आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी संपतो. या नऊ दिवसांत लग्न, बारसं, घरभरणी असलं काही कोणी ठरवत नाही. गणपतीला चाकरमानी काहीही करून कोकण गाठतो, तशी मिलवॉकी-मिनियापोलिसला पांगलेली भावंडं त्या शनिवारी पहाटे शेतावर हजर असतात. राज्यात पाच लाखांहून जास्त लोक या बंदुकीच्या शिकारीचा परवाना काढतात, म्हणजे हा चार हौशींचा छंद नव्हे. यंदा विहीणबाईंनी आम्हालाही बोलावणं धाडलं. लेक पहिल्यांदाच बंदूक घेऊन बसणार होती आणि तिला शेजारी आई हवी होती.

आमच्या घरची फळी अशी: मी सांगलीची, मटणावर वाढलेली. आमचे हे पूर्ण शाकाहारी. धाकटा मुलगा एच-वन-बीवर नोकरी करणारा. तिघांसाठी तीन वेगळे नियम लागू झाले, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी धाकट्याचं, कारण हे आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना माहीतच नसतं. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित, म्हणजे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. 'बाळगणे' यात मित्राची बंदूक हातात घेऊन दोन डबे उडवणंही येतं. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. म्हणून परवाना आधी, खिशात, बंदूक नंतर. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. तरीही व्हिसाचा प्रश्न असेल तिथे वकिलाला एक फोन करायला कंजुषी करू नका. धाकट्याने परवाना काढलेला नव्हता, त्यामुळे तो बंदुकांच्या कपाटाच्या आसपासही फिरकला नाही. लाकडं फोडली, शिकार ओढून आणायला हात लावला.

लेकीला शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करावा लागला. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे. मी त्याआधीची, मला सूट होती. तरी तिच्याबरोबर बसून सगळा केला. ज्यांना कोर्स करायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरात राहून शिकार करायची सोय आहे, आणि 2017 पासून त्याला वयाची खालची अटही नाही. माझं मत विचाराल तर प्रौढाने ही पळवाट घेऊ नये. कोर्समध्ये चार नियम घोटून घेतात, त्यांना तिकडे टॅब-के म्हणतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, नळी कायम सुरक्षित दिशेला, निशाण काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा, बार काढायच्या क्षणापर्यंत बोट चापापासून लांब. वाचायला सोपं आहे. पहिल्याच सकाळी तिसऱ्या नियमाची परीक्षा झाली.

आम्ही दोघी ओकच्या झाडाखालच्या खोपीत बसलो होतो. पाठीमागे टेकडी, पुढे कापून झालेलं मक्याचं शेत. या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगातल्या हिमनद्या इथे पोचल्या नाहीत, त्यामुळे जमीन रगडून सपाट झाली नाही. कडे, घळी, अरुंद दऱ्या शाबूत राहिल्या. उजाडल्यावर थोड्या वेळाने कड्याच्या धारेवर एक नर येऊन उभा राहिला. शिंगं भरदार, अंग पूर्ण आडवं, अंतर बेताचं. लेकीने दुर्बिणीतून पाहिलं, श्वास सोडला आणि नळी खाली केली. त्याच्या मागे नुसतं आभाळ होतं. नेम चुकला तर गोळी कड्यापलीकडे कुठे जाईल ते देवाला ठाऊक, आणि पलीकडच्या दरीत शेजाऱ्याचं घर. नर दोन मिनिटं तिथेच कान हलवत उभा राहिला. दुपारी जेवताना हे सांगितलं तेव्हा व्याही काही बोलले नाहीत, तिच्या ताटात बटाटे मात्र दुप्पट वाढले.

आता थंडीबद्दल. बसून राहण्याची थंडी चालण्याच्या थंडीपेक्षा वेगळीच असते. शिकागोत वीस हिवाळे काढलेल्यांनाही ती कळत नाही. सुती काही घालू नका, घाम आला की ते गारठतं. आत लोकरीचं, बूट एक नंबर मोठे, म्हणजे जाड मोज्यांत बोटं हलवायला जागा राहील. बुडाखाली फोमची गादी हवीच. हातात धरायच्या गरम पुड्या मिळतात त्या बुटांतही घाला. वरून भडक नारिंगी रंगाचं जाकीट: कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी त्या रंगाचा असावा लागतो, टोपी घातली तर तीही. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. नुसतं बघायला गेलात तरी घाला. कुत्र्याला फिरवायला अंगणाबाहेर गेलात तरी घाला. आमचे हे पत्रपेटीपर्यंत जातानाही नारिंगी टोपी घालून जात, आणि ते बरोबरच होतं.

आणि हे फक्त आपल्या घरांसाठी: शिकारीचे कपडे स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. हरणाचं नाक भयंकर तिखट. फोडणीचा, हिंगाचा, कांदा-लसूण मसाल्याचा वास जाकिटात बसला की दोन धुण्यांनीही जात नाही. विहीणबाईंनी आमची जाकिटं आल्या आल्या गोठ्याच्या पडवीत टांगून टाकली. वेलदोड्याचा चहा थर्मासातून नेला होता, त्यावर मात्र त्यांनी आक्षेप घेतला नाही, कारण वारा आमच्याकडे येणारा होता. वारा हरणांकडून तुमच्याकडे यायला हवा. उलटा असेल तर जागा बदला, हट्टाने बसून काही हाती लागत नाही.

घरातली सर्वांत चांगली नेमबाज म्हणजे विहीणबाई. साठी ओलांडलेली बाई, मचाणावर चढताना आधी अंगाला पट्टा बांधते, तो झाडाच्या दोराला अडकवते, मग चढते आणि बंदूक रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढून घेते. मचाणावरून पडून होणारे अपघात ही या छंदातली नेहमीची दुखापत आहे. नवख्याने जमिनीवरच्या खोपीतच बसावं हे उत्तम.

मधल्या वारी, दुपार कलताना, लेकीने एक मादी टिपली. पुढच्या पायाच्या जरा मागे गोळी. मादीने उडी घेतली आणि झुडपात शिरली. इथे घाई करायची नाही हे कोर्समध्येही शिकवतात आणि विहीणबाईंनीही बजावलं होतं. निदान अर्धा तास बसून राहायचं. लगेच मागे गेलात तर जखमी जनावर घाबरून मैलभर पळतं आणि हाती लागत नाही. मग जिथे ते उभं होतं तिथलं रक्त बघायचं. फेसाळ, गुलाबीसर असेल तर फुप्फुसात लागली आहे, जवळच सापडेल. गडद, काळपट असेल तर यकृत, आणखी थांबा. हिरवट, घाण वास असेल तर आतडं, आणि मग काही तास थांबण्यावाचून इलाज नाही. आमच्या पानांवर गुलाबी फेस होता. मादी ओढ्याच्या काठी पडलेली सापडली.

लेक थोडी रडली. कोणी तिला समजावायला गेलं नाही, आणि मला ते आवडलं. तेवढ्या वेळात विहीणबाईंनी हातमोजे चढवले आणि चार इंची पात्याचा सुरा काढला. मोठा सुरा लागत नाही, धार लागते. पोटाची कातडी दोन बोटांत उचलून, पातं वर धरून वरच्या वर चिरत जायचं, म्हणजे आतड्याला धक्का लागत नाही. मूत्राशय आणि आतडं फुटलं तर मांसाला वास लागतो. गारठ्यात आतून वाफा येत होत्या. काळीज आणि यकृत वेगळं पिशवीत ठेवलं. सगळा खटाटोप एवढ्यासाठीच, की मांस लवकर थंड व्हावं. एखाद्या वर्षी नोव्हेंबर उबदार निघाला तर पोटात बर्फाच्या पिशव्या घालतात.

शिकारीची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर किंवा ऑनलाइन करावी लागते. दऱ्यांमध्ये फोनला रेंज नसते, तेव्हा रात्री घरी परतल्यावर आठवणीने करून टाका. बिनशिंग्या जनावराचा परवाना त्या काउंटीचा (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा) आणि खासगी की सरकारी जमिनीचा, हेही जुळायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या भागात हरणांना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग आहे. सगळे सीडब्ल्यूडी म्हणतात. विस्कॉन्सिनमध्ये तो 2002 मध्ये सापडला आणि तेव्हापासून पसरतोच आहे. मेंदू आणि मज्जासंस्था पोखरणारा हा रोग प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. ते शिजवून नष्ट होत नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या करा. लागण झालेलं जनावर वरून ठणठणीतही दिसतं. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण लागण झालेल्या जनावराचं मांस खाऊ नका असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा स्पष्ट सल्ला आहे. तपासणी फुकट होते. मानेचा काही इंच भाग ठेवून मुंडकं नेमून दिलेल्या पेटीत ठेवायचं, फॉर्म भरायचा, निकाल नंबर टाकून ऑनलाइन बघायचा. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, पण खायचं नाही.

म्हणूनच प्रत्येक जनावर वेगळं कापा, वेगळं बांधा, पुड्यांवर नंबर घाला. जावयाच्या चुलतभावाच्या नराचा निकाल पॉझिटिव्ह आला. त्याच्या पुड्यांवर खूण होती म्हणून तेवढ्याच टाकाव्या लागल्या. सगळ्यांचा खिमा एकत्र केला असता तर सगळ्यांचाच गेला असता. बाहेर खाटकाकडे देणार असाल तर तुमचं जनावर वेगळं ठेवणार का, हे आधी विचारून घ्या. पाठीचा कणा चिरू नका, हाडांवरून मांस सोडवून घ्या. राज्याबाहेर जाणाऱ्यांना हे तसंही करावंच लागतं: बऱ्याच राज्यांत अशा भागातलं अख्खं जनावर आणायला बंदी किंवा निर्बंध आहेत, हाडं काढलेलं मांस चालतं. आम्ही इलिनॉयला परत आलो ते नुसते नीट बांधलेले, गोठवलेले पुडे घेऊनच. आणि शिंगं भारतात नेऊन दिवाणखान्यात टांगायचा बेत कोणी करत असेल तर तो सोडा. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, आणि कस्टमवर शिंगांचं स्पष्टीकरण देत बसण्याएवढा वेळ कोणालाच नसतो.

मध्यम मादीचं हाडाविना मांस 40 ते 50 पौंड निघतं. गोळीच्या जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने टाकून द्या, शिशाचे बारीक कण तिथे पसरलेले असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर तांब्याच्या गोळ्याच वापरा. विहीणबाई आता त्याच वापरतात.

स्वयंपाकात पहिलं काम म्हणजे चरबी काढणं. बोकडाची चरबी चवीला लागते. हरणाची टाळूला मेणासारखी चिकटते आणि उग्र वास देते. पांढरा पापुद्राही सोलून काढा. पाठीच्या पट्ट्यांना मसाल्यात बुडवू नका: मीठ, मिरपूड, तापलेला तवा, दोन्ही बाजूंनी पटकन, आणि उतरवा. जास्त शिजवलं की चामडं होतं. नळ्यांच्या मांसाला उलट कुकर हवा. तांबड्या रश्श्यासाठी ते उत्तम, फक्त तेल नेहमीपेक्षा जास्त घाला, कारण या मांसाला स्वतःचा तवंग नाही. निकाल आल्यावर मी विहीणबाईंकडे परत जाऊन एक रात्र रस्सा केला. व्याह्यांनी नाक पुसत तीन वाट्या संपवल्या. खिम्यात मेथी चांगली लागते.

शाकाहाऱ्यांची चिंता करू नका. तिकडे दुपारभर शिकारीच्या नावाखाली पत्ते चालतात. यूकर नावाच्या खेळात हुकमाचा गुलाम एक्क्यापेक्षाही मोठा असतो, हे आमच्या ह्यांना इतकं पटलं की उरलेले दिवस ते खिचडी खाऊन चूल आणि डाव दोन्ही सांभाळत बसले.

जायचा रस्ता: शिकागोकडून आय-90 ने मॅडिसन, मग हायवे 14 ने स्प्रिंग ग्रीनवरून रिचलंड सेंटर. मॅडिसननंतर अंधार पडला की वेग कमी करा, या दिवसांत हरणं बिथरून रस्त्यावर येतात. गाडीत बंदूक रिकामीच असली पाहिजे. शहरातल्या मुलांना बंदूक प्रत्यक्ष हाताळायला मिळते म्हणून सुरक्षिततेच्या कोर्सचा शक्यतो समोरासमोरचा वर्ग निवडा, आणि त्याची नावनोंदणी उन्हाळ्यातच करा. ऑक्टोबरमध्ये जागा मिळत नाही.