नादिष्टांच्या गावी

डेन्व्हरहून निघताना आम्ही ठरवले होते की या खेपेस ना राष्ट्रीय उद्यान, ना मोठे शहर. कॅन्सस, साउथ डकोटा आणि नेब्रास्का या तीन राज्यांतून गोल फिरून यायचे आणि कुणा एका माणसाच्या नादापायी रस्त्याच्या कडेला जी नवले उभी राहिली आहेत ती सावकाश पाहायची, एवढाच बेत होता. त्यासाठी पंचवीस फुटी मोटारहोम भाड्याने घेतले. ह्यांनी माझ्या मिसळणाच्या डब्याला रबराच्या दोन पट्ट्या चढवल्या आणि कुकरमध्ये टॉवेल कोंबला, तरीही पहिल्या वळणावर सगळी मांडणी खणखणली आणि वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा थेट बिछान्यावर येऊन पडला.

कॅन्ससच्या सपाटीवर मोटारहोम चालवणे कष्टाचे आहे. मैलोन्‌मैल आडोसा नाही, आणि बाजूने वारा सुटला की आपण घराची एक आख्खी भिंतच त्याच्यापुढे आडवी धरलेली असते. हे दोन्ही हातांनी चाक धरून, ताशी पंचावन्न मैलांच्या वर न जाता चालवत होते. दुसऱ्याच दिवशी पाण्याचा पंप बंद पडला. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांचा फोन तासभर कुणी उचलला नाही आणि उचलल्यावरही उपाय निघाला नाही, याचा मला आजही राग आहे. परत येईपर्यंत आम्ही पाणी कॅनमधून ओतून वापरले.

गुडलंडला ऐंशी फूट उंचीच्या तिकाटण्यावर चढवलेले व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांचे चित्र पाहून आम्ही ल्यूकस गाठले. या भागात झाडे इतकी विरळ होती की पूर्वीच्या शेतकऱ्यांनी कुंपणाचे खांबदेखील चुनखडीच्या दगडातून घडवले. ते पिवळसर दगडी खांब आजही रस्त्याने सोबत करतात. याच दगडाचे लाकडी ओंडक्यांसारखे लांब तुकडे करून एस. पी. डिन्समूर या गृहस्थांनी आपले घर बांधले आणि १९०७ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, घराभोवती काँक्रीटची बाग उभारायला घेतली. डिन्समूर यादवी युद्धात लढलेले होते. बागेला त्यांनी ईडनची बाग असे नाव दिले. त्यात आदम आणि हव्वा आहेत, साप आहे, आणि श्रमिकाला सुळावर चढवणारे वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक व सावकारही आहेत. बागेसाठी शंभराहून अधिक टन सिमेंट लागले. १९३२ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचा देह काचेचे झाकण असलेल्या पेटीत आवारातल्या समाधिगृहात ठेवण्यात आला आणि तो आजही पाहता येतो. हे आत जाऊन आले. मी उंबऱ्याशीच थांबले, कारण मला तो माणूस त्याच्या बागेतच पुरेसा भेटला होता.

या सगळ्या प्रवासात मी सर्वांत जास्त वेळ रमले ती कॉकर सिटीला. गावाच्या मुख्य रस्त्यावर, चारी बाजूंनी उघड्या मंडपात सुतळीचा एक प्रचंड गोळा आहे. फ्रँक स्टोबर या शेतकऱ्याने १९५३ मध्ये गवताचे भारे बांधून उरलेली सुतळी टाकून न देता गुंडाळायला सुरुवात केली. १९६१ मध्ये त्याने गोळा गावाला दिला आणि १९७४ मध्ये तो गेला, तेव्हा गोळ्याचा व्यास सुमारे अकरा फूट झाला होता. गावाने गुंडाळणे थांबवले नाही. दर ऑगस्टमध्ये लोक जमून सुतळी चढवतात, शिवाय येणाराजाणाराही आपला हात लावून जातो, त्यामुळे वजन वीस हजार पौंडांच्या पुढे गेले आहे. पदपथावर सुतळीची रंगवलेली रेघ गावभर फिरते.

ही सुतळी घायपाताच्या जातीच्या वाखाची असते. मंडपात शिरण्याआधीच तिचा वास येतो. दमट पोते उन्हात तापल्यावर येतो तसा तो काहीसा उग्र, काहीसा गोडसर वास आहे. जवळ गेल्यावर दिसते की गोळा गुळगुळीत नाही. आतले थर काळपट करडे पडले आहेत, वरचे सोनेरी आहेत, जागोजागी गाठींची टोके उभी आहेत आणि स्वतःच्याच भाराने तो खाली बसून रुंदावला आहे. गावातल्या एका बाईंनी रीळ आणून दिले. मी आधीच्या कुणाच्या तरी टोकाला गाठ मारली आणि सुतळी सोडत गोळ्याभोवती चालू लागले. लहानपणापासून वटपौर्णिमेला आईबरोबर वडाभोवती सूत गुंडाळलेले असल्यामुळे हाताला ताण कसा धरायचा ते शिकवावे लागले नाही. हे बाजूला उभे राहून पाहत होते. मी म्हटले, “अहो, तुम्हीपण या.” वडाभोवती हे कधी फिरले नव्हते, इथे मात्र रीळ हातात घेऊन त्यांनी तीन फेऱ्या पुऱ्या केल्या आणि टोक आत खोचून तळव्याने दाबून बसवले.

मिनेसोटातल्या डार्विन गावीही असाच एक गोळा आहे. तो फ्रान्सिस जॉन्सन या एकट्या माणसाने १९५० पासून एकोणतीस वर्षे गुंडाळला, आणि आता तो काचेच्या घरात सुरक्षित आहे. एकाच माणसाने केलेला सर्वांत मोठा गोळा हा त्याचा मान आहे आणि त्या माणसाच्या चिकाटीपुढे मी नमते. तरीही मला विचाराल तर मी कॉकर सिटीचाच गोळा निवडीन, कारण स्टोबरचा नाद त्याच्या माघारी गावाने आपला मानला.

पुढे साउथ डकोटातल्या मिचेलला मक्याच्या कणसांचा महाल पाहिला. १८९२ पासून चालत आलेली ही प्रथा आहे. आजची इमारत १९२१ ची असून तिच्या भिंतींवर निरनिराळ्या रंगांची कणसे उभी चिरून, खिळ्यांनी ठोकून चित्रे केलेली असतात आणि ती बहुधा दरवर्षी बदलतात. तिथून पश्चिमेला वॉलकडे वळलो, तसे रस्त्याच्या कडेला एकाच दुकानाचे फलक मैलोन्‌मैल दिसू लागले. टेड आणि डोरोथी हस्टेड या जोडप्याने १९३१ मध्ये तिथले औषधाचे दुकान घेतले. गिऱ्हाईक फिरकत नव्हते. १९३६ च्या उन्हाळ्यात, तापलेल्या रस्त्याने जाणाऱ्या मोटारी पाहून डोरोथीला सुचले की या लोकांना बर्फाचे पाणी फुकट द्यावे आणि तशा पाट्या महामार्गावर लावाव्यात. टेड पाट्या लावून परत येईतो लोक दुकानात शिरले होते. आता त्या दुकानाचा भलामोठा बाजार झाला आहे आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू मला नकोशा वाटल्या, परंतु पाणी अजूनही फुकट मिळते. आपल्याकडच्या पाणपोईवर पितो तसे मी ते उभ्याने, दोन पेले प्यायले.

शेवटचा मुक्काम नेब्रास्कातल्या अलायन्सला होता. जिम राइंडर्स यांनी इंग्लंडमध्ये असताना तिथल्या स्टोनहेंजचा, म्हणजे प्रचंड उभ्या शिळांच्या प्राचीन वर्तुळाचा, अभ्यास केला होता. वडील वारल्यावर त्यांचे स्मारक म्हणून १९८७ च्या जूनमध्ये त्यांनी सगळे कुटुंब शेतावर जमवले आणि शिळांच्या जागी जुन्या मोटारी उभ्या करून तशीच रचना केली. खड्डे खणून काही मोटारी उभ्या गाडल्या, त्यांच्यावर आडव्या मोटारी चढवून वेल्डिंग केले आणि सगळ्यांना दगडासारखा करडा रंग दिला. वर्तुळाचा व्यास सुमारे ९६ फूट आहे. गावातल्या अनेकांना प्रथम हे भंगार वाटले आणि ते हटवावे अशी मागणी झाली. पुढे गावकऱ्यांतूनच त्याची राखण करणारे लोक उभे राहिले. २१ ऑगस्ट २०१७ चे खग्रास सूर्यग्रहण अलायन्सवरून गेले, तेव्हा ते पाहायला तिथे मोठी गर्दी लोटली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. मोटारींच्या सावल्या गवतावर लांबल्या होत्या आणि करड्या रंगाच्या पापुद्र्याखालून एका दाराचा मूळचा हिरवा रंग दिसत होता. ह्यांचे वडील एस. टी. च्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. हे एका कमानीखाली बराच वेळ मान वर करून उभे राहिले, मग जोडावरून बोट फिरवल्यासारखे हवेतच फिरवले आणि म्हणाले, “घाईत केलेलं काम नाही हे.” अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. नंतर मोटारहोममध्ये येऊन कॅनच्या पाण्यात मुगाची खिचडी लावली.

पुढच्या वर्षी ओक्लाहोमातल्या कटूसाला जायचे आहे. तिथल्या तळ्याकाठी ह्यू डेव्हिस यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिमेंटचा निळा देवमासा बांधला. त्यांची पत्नी झेल्टा देवमाशांच्या छोट्या मूर्ती जमवत असे, म्हणून लग्नाच्या वाढदिवसाची ती भेट होती. आमच्या लग्नालाही मे महिन्यात पस्तीस वर्षे होतील, तेव्हा तारीख तीच धरली आहे. गाडी मात्र दुसरीकडून घेणार आहोत.