हायकोर्टाची ऑर्डर हातात होती तरी मावेजा मिळेना, शेवटी अवमान याचिका केली त्याचा अनुभव

आमची जमीन पाझर तलावात गेली १९९८ ला. ताबा आधी घेतला, संमतीच्या कागदावर सह्या-अंगठे घेऊन, आणि जमीन संपादन करणार म्हणून सांगणारी भूसंपादन कायदा १८९४ ची कलम ४ ची नोटीस नंतर निघाली, मराठवाड्यात ज्यांची जमीन तलावात गेलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. निवाड्यात, म्हणजे मावेजा ठरवणाऱ्या आदेशात, जिरायतीला आरला दोनशेच्या आसपास भाव लावला, आमच्या आण्णांनी तेवढे पैसे उचलले. वाढीव मावेजासाठी प्रकरण कोर्टाकडं पाठवा असा कलम १८ चा अर्ज मुदतीत द्यावा लागतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चुलत्यांनी मात्र दिला होता, त्यांचा एलएआर, म्हणजे वाढीव मावेजाचा दावा, दिवाणी कोर्टात चालला आणि २०११ ला निकाल लागून भाव चौपटीच्या वर गेला. बांधाला बांध, तोच तलाव, तीच नोटीस, आणि भावात एवढा फरक.

अशा लोकांसाठीच ह्या १८९४ च्या जुन्या कायद्यात कलम २८-अ होतं. एकाच कलम ४ च्या नोटिशीतल्या एकाला कोर्टानं भाव वाढवून दिला तर कलम १८ मध्ये न गेलेल्या बाकीच्यांनाही त्या भावानं मागता येतं, फक्त निकालापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे, नक्कल मिळायला गेलेला वेळ त्यातून वजा होतो. आम्ही आणि तलावातल्या बाकीच्या खातेदारांनी भूसंपादन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात वेळेत अर्ज दिले, आवकचा शिक्का घेतला. आणि त्यानंतर काहीच नाही. मूळ संचिका सापडत नाही, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेबांची बदली झाली, नवीन साहेब आले की सुनावणी लावू. वर्षानुवर्षं हेच ऐकलं. पैसे द्या असं तर आम्ही म्हणतच नव्हतो, अर्जावर हो किंवा नाही काय ते लिहून द्या एवढंच मागणं होतं, तेही होईना.

मग २०१६ ला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका केली. ऑर्डर आली की सहा महिन्यांत अर्जाचा निर्णय घ्या आणि पात्र ठरले तर त्यापुढच्या तीन महिन्यांत रक्कम द्या. गावात सगळ्यांना वाटलं आता झालं काम, हायकोर्टाचं कोण डावलणार. वकीलसाहेबांनी मात्र फोनवर पहिलं वाक्य हेच सांगितलं की ऑर्डरची प्रत स्वतः नेऊन आवकला द्या आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.

मी गेलो तर आवकचा क्लार्क म्हणाला ही आमच्याकडं सरकारी वकिलांकडून येईल, तुमच्याकडून घेता येत नाही. मी तिथंच उभा राहिलो. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर दुसऱ्या एका बाईंनी प्रत घेतली, रजिस्टरला नोंद केली आणि माझ्या प्रतीवर शिक्का, आवक नंबर, तारीख टाकून दिली. शिवाय साहेबांच्या नावानं रजिस्टर पोस्टानंही एक प्रत पाठवली. पुढं सगळी केस ह्या शिक्क्यावर उभी राहिली, कारण अवमान म्हणजे नुसता उशीर नाही, ऑर्डर माहीत असून जाणूनबुजून पाळली नाही हे दाखवावं लागतं. शिक्का नसता तर साहेबांनी सरळ म्हणलं असतं, आमच्यापर्यंत ऑर्डर आलीच नाही.

सहा महिने संपले, सुनावणीची साधी नोटीससुद्धा नाही. मुदतवाढ पाहिजे असेल तर शासनानं कोर्टात मागायला हवी होती, तीही मागितली नाही. आम्ही वकिलामार्फत नोटीस दिली, तिला उत्तर नाही. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, न्यायालय अवमान कायदा १९७१ च्या कलम २० प्रमाणे अवमान झाल्यापासून एक वर्षाच्या आतच याचिका करावी लागते. "थांबा, पुढच्या महिन्यात करतो" असं ऐकत ऐकत ते वर्ष निघून जातं, आमच्याच शेजारच्या तालुक्यातल्या एकाचं असंच गेलं.

दुसरं म्हणजे इथं नुसतं पद लिहून चालत नाही, अधिकाऱ्याला नावानिशी पार्टी करावं लागतं. मधे बदली झाली असेल तर आधीचे आणि आत्ताचे दोघं, नाहीतर नवीन माणूस म्हणतो मी परवाच चार्ज घेतला. मला वाटतं सगळी ताकद ह्या नावातच आहे. रिटमध्ये प्रतिवादी महाराष्ट्र शासन असतं, त्याचं कुणालाच ओझं नसतं. अवमानात साध्या कैदेची सहा महिन्यांपर्यंत आणि दंडाची दोन हजारांपर्यंत तरतूद आहे, दंड किरकोळ आहे पण कारणे दाखवा नोटीस स्वतःच्या नावानं येते. ती निघाली आणि वर्षानुवर्षं न सापडलेली संचिका त्याच आठवड्यात सापडली, सुनावणी लागली आणि २८-अ चा निवाडाही झाला.

पण पैसे नाहीत! आता म्हणे संपादन संस्थेकडून, म्हणजे ज्यांच्यासाठी जमीन घेतली त्या खात्याकडून, निधी आला नाही. सरकारी वकिलांनी वेळ मागितला तेव्हा कोर्टानं एकच विचारलं, निधीची मागणी पहिल्यांदा कधी केली. साहेब मागं उभे होते, फाईल पुढं गेली, पत्राची तारीख निघाली अवमानाची नोटीस मिळाल्यानंतरची. म्हणजे तोवर पैसे मागितलेच नव्हते. कोर्टानं सांगितलं पुढच्या तारखेला रक्कम जमा नसेल तर संपादन संस्थेच्या कार्यकारी अभियंत्यांनीही हजर राहायचं. तारखेच्या आधीच रक्कम जमा झाली आणि तिथून आण्णांच्या खात्यावर आली. साहेबांनी बिनशर्त माफीचं शपथपत्र दिलं, कोर्टानं ते मान्य केलं, याचिका निकाली. मला शिक्षा व्हावी असं वाटत होतं, आण्णा म्हणाले आपला मावेजा मिळाला, त्याच्या लेकराबाळांचं वाईट कशाला चिंतायचं.

चुलत्यांना मात्र हा रस्ता नव्हता. त्यांच्याकडं दिवाणी कोर्टाचा पैशाचा हुकूम होता, त्याची वसुली दरखास्तीतच, म्हणजे हुकूम अमलात आणायच्या अर्जातच, करावी लागते, अवमानात गेलं तर कोर्ट म्हणतं आधी दरखास्त करा. त्यात कोर्टाचा बेलिफ जीप आणि खुर्च्या जप्त करायला कार्यालयात गेला तेव्हा कुठं लेखी हमी मिळाली.

ह्या सगळ्यात व्याजाचा हिशोब कुणी बघत नाही याचा मला फार राग येतो. जुन्या कायद्यात वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढं १५ टक्के व्याज आहे, वर बाजारभावावर ३० टक्के दिलासा रक्कम आणि १२ टक्क्यांची जादा रक्कम वेगळी. फाईल जेवढी पडून राहते तेवढं १५ टक्क्यांनी वाढतं, आणि भरतं कोण तर आपणच, करातून. ऑगस्ट २०२४ ला पुण्याच्या पाषाणच्या जमिनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्र सरकारला सुनावलं होतं की मावेजा देत नसाल तर लाडकी बहीणसारख्या योजना थांबवायचे आदेश देऊ. तिथं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात दिलेली जमीन वनजमीन निघाली होती. एवढ्या वर जाऊन भांडायची ऐपत किती जणांची असते.

आमच्या तलावातल्या उरलेल्या खातेदारांचे २८-अ चे अर्ज अजून तसेच पडलेत. त्यांची रिट आता त्याच वकिलांकडं दिलीय, ऑर्डर आली की आवकला प्रत द्यायला मी सोबत जाणार आहे.