ठाणे ते कुडाळ, ऐन गणपतीत: आधी माणगावची वेळ ठरवा, मग निघायची

मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीच्या दिवसांत अंतराला फारसा अर्थ उरत नाही. ठाण्याहून कुडाळ साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. एरवी चहा-नाश्ता धरून साडेआठ-नऊ तास लागतात. चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी त्याच अंतराला सोळा-सतरा तास लागलेली माणसं आमच्याच घरात आहेत. रस्ता तोच, गाडी तीच, फक्त रायगडमधल्या माणगावला पोचायची वेळ वेगळी. म्हणून आमच्याकडे आता घरून किती वाजता निघायचं हा प्रश्न कोणी विचारत नाही. माणगाव किती वाजता ओलांडायचं हे आधी ठरतं आणि तिथून उलटं मोजत घरचा गजर लागतो.

माणगावच का? पनवेलजवळच्या पळस्प्यापासून इंदापूरपर्यंत रस्ता कुठे चांगला, कुठे खडबडीत असला तरी गाड्या हलत राहतात. इंदापूर आणि माणगाव या दोन गावांचे बायपास मात्र वर्षानुवर्षं रखडलेले. आम्ही गेलो तेव्हाही सगळी वाहतूक बाजारपेठेतूनच चालली होती. त्यात ताम्हिणी घाट उतरून आलेली पुण्याची गर्दी इथेच महामार्गाला मिळते, श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडे वळणारे इथेच वळतात, एसटी स्थानक रस्त्यालगत आणि भाजीवाले-हारवाले कडेला. चार पदरांतून आलेल्या गाड्या दोन पदरांत शिरल्या की पुढचं सांगायला नको.

ही गर्दी लाटांनी येते. पहिली लाट एसटीच्या जादा गाड्यांची आणि खासगी बसची. त्या बोरिवली, परळ, ठाण्याहून संध्याकाळी सहा ते रात्री अकराच्या दरम्यान सुटतात आणि मध्यरात्रीपासून पहाटे चारपर्यंत माणगावातून जात राहतात. दुसरी लाट "पहाटे निघू, उजेडात जाऊ" म्हणणाऱ्या कारवाल्यांची. ते पाचला घर सोडतात, आठ-साडेआठला माणगावात येतात आणि तेवढ्यात बाजारही उघडलेला असतो. या दोन्हींच्या मध्ये पहाटे पाच ते साडेसहा अशी एक फट असते. ती पकडायची तर ठाण्याहून पावणेतीनला चाकं हलली पाहिजेत.

तारखेचंही तसंच. २०२५ ला चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. ज्यांना लांब रजा मिळाली ते शुक्रवारी रात्री आणि शनिवारी निघणार, ज्यांना नाही मिळाली ते सोमवारी रात्री आणि मंगळवारी, हे कॅलेंडर बघूनच दिसत होतं. आम्ही सोमवारची पहाट धरली. हरतालिका मंगळवारी होती, त्यामुळे आईचा उपासही गाडीत काढावा लागणार नव्हता.

नकाशाच्या ॲपवर चार दिवस आधी "किती वेळ लागेल" विचारलं तर ते एरवीच्या सोमवारचं उत्तर देतं, चतुर्थीच्या आदल्या सोमवारचं नाही. त्यापेक्षा आधीच्या शनिवार-रविवारी दर दोन-तीन तासांनी ॲप उघडून इंदापूर ते माणगाव एवढाच तुकडा बघावा आणि किती वाजता लाल होतो, किती वाजता निवळतो ते कागदावर लिहून ठेवावं. दोन दिवसांत चित्र स्पष्ट होतं. शिवाय घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशी निघालेला एखादा चुलतभाऊ असतोच. "माणगाव सुटलं का?" एवढंच त्याला विचारावं. त्याच्याइतकी ताजी माहिती कुठल्याच ॲपकडे नसते.

पावणेतीनला निघायचं म्हणजे झोपेचा हिशोब आधी करायला हवा. पहाटे दोन ते पाच ही माणसाला सगळ्यात जास्त पेंग येणारी वेळ. आदल्या दिवशी ऑफिस करून, बॅगा भरून, तासभर डोळा लावून स्टिअरिंगवर बसू नका. आमच्याकडे बॅगा शनिवारीच भरून झाल्या होत्या. रविवारी संध्याकाळी सातला जेवण, आठला चालवणारे दोघं अंथरुणात. बाकीच्यांनी हवा तेवढा टीव्ही बघावा, गाडीत झोपायला त्यांना मोकळीक आहे. चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याने मात्र झोपायचं नाही. हा नियम आमच्या घरी मोडला तर बायको चहा देत नाही.

ठाण्यातून पनवेलकडे जायला शिळफाटा जवळचा वाटतो, पण रात्री तिथे आणि मुंब्रा बायपासला ट्रक-कंटेनरची रांग असते. सणात महामार्गावर अवजड वाहनांना ठराविक दिवस बंदी असते, तरी शहराच्या कडेची ही वाहतूक थांबत नाही. आम्ही ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रस्ता धरला आणि साडेतीनच्या आत कळंबोली ओलांडली. दक्षिण मुंबईहून येणाऱ्यांना अटल सेतूवरून चिरले आणि तिथून पळस्पे सोयीचं पडतं. टोल जास्त आहे, पण शहरातला वेळ वाचतो.

पळस्प्याला महामार्गाला लागण्याऐवजी आम्ही एक्सप्रेसवेने खोपोलीला उतरलो आणि पालीमार्गे वाकण फाट्याला बाहेर आलो. यात पेण, वडखळ, नागोठणे हा सगळा पट्टा टळतो. वडखळला अलिबागची गर्दी येऊन मिळते, तीही चुकते. रस्ता दोन पदरी, वळणांचा आणि अंधारा आहे, अधूनमधून गुरं बसलेली असतात, त्यामुळे पन्नासच्या पुढे काटा नेऊ नये. आणि एक अट: आदल्या दिवशी धो-धो पाऊस झाला असेल तर हा रस्ता सोडून द्या. अंबा नदी फुगली की इथलं काही खरं नाही. १९८९ च्या जुलैत जांभुळपाड्याला आलेला महापूर या भागातली म्हातारी माणसं अजून सांगतात. आमच्या वेळी पाऊस रिमझिम होता म्हणून गेलो.

वाकणला पावणेपाच, कोलाडला पाच. कोलाडहून विळे-निजामपूरमार्गे माणगाव असा एक पर्याय आहे, गर्दी झाली की पोलीस त्या बाजूने गाड्या सोडतात. पहाटे त्याची गरज पडली नाही. माणगावच्या बाजारात शिरलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. पुढे वीस-पंचवीस गाड्या आणि मध्ये एक एसटी. चालत्या गाडीतच बाजार संपला.

पहिला थांबा इथे घेऊ नका. सगळे माणगावच्या दोन्ही टोकांना चहाला थांबतात, गाड्या रस्त्यावरच लावतात आणि कोंडीला हातभार लावतात. लोणेरे ओलांडून महाडच्या अलीकडे-पलीकडे थांबावं. गाडीत बायका आणि म्हातारी माणसं असतील तर थांबा चहावरून नाही, स्वच्छतागृहावरून निवडावा. मोठा, नवा पेट्रोल पंप हा त्यातल्या त्यात खात्रीचा. गणपतीच्या दिवसांत महामार्गावर सुविधा केंद्रं उभारली जातात, तिथे प्रथमोपचार आणि बसायला जागा मिळते. आईच्या बीपीच्या गोळीची वेळ आम्ही थांब्याला जोडून घेतली होती. तिला साडेसहाला काहीतरी खाणं भाग होतं, म्हणून घरची पोळी-भाजी. हॉटेलात त्या वेळी ऑर्डर घेतात, पण आणत नाहीत.

महाडजवळ सावित्री नदीचा पूल लागला की गाडीत क्षणभर बोलणं थांबतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, त्यावरच्या एसटी बस आणि इतर गाड्यांसकट. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. पण पुराच्या पाण्याशी रात्री पैज लावायची नसते, हे या रस्त्यावरच्या प्रत्येकाला तेव्हापासून ठाऊक आहे. रेड अलर्ट असेल तर निघणं सरळ एक दिवस पुढे ढकलावं.

पोलादपूरनंतर कशेडीचा बोगदा. सुमारे दोन किलोमीटरच्या या बोगद्यामुळे घाटातला पाऊण तास दहा मिनिटांवर आलाय. पावसाळ्यात बाहेर पडताना सांभाळा. आत काच कोरडी असते, बाहेर पडताक्षणी पाऊस आणि धुकं एकदम अंगावर येतं. वायपर आणि दिवे आधीच चालू ठेवा, बोगद्याच्या तोंडाशी ओव्हरटेक करू नका. परशुराम घाटात मात्र डोंगराकडची बाजू अजून भरवशाची नाही, मोठ्या पावसात तिथे माती खाली येते. थांबून फोटो काढायची जागा तर ती मुळीच नव्हे.

चिपळूणला आम्ही आठच्या सुमारास होतो. बहादूरशेख नाक्यावर कराडकडून कुंभार्ली घाट उतरून येणारी वाहतूक मिळते, दहा-पंधरा मिनिटं गेली. इथे दुसऱ्या चालकाने गाडी घेतली. चालक बदलायचा तर थकल्यावर बदलू नये, ठिकाण ठरवून बदलावा. थकलेला माणूस कधीच "मी थकलोय" म्हणत नाही, विशेषतः मेहुणा शेजारी बसलेला असताना.

सावर्डे, आरवली, संगमेश्वर या पट्ट्यात वळसे आणि अर्धवट पूल होते, गती चाळीसच्या वर जात नव्हती. भाच्याला इथेच गाडी लागली. पुढच्या सीटवर बसवला, काच थोडी खाली केली, तोंडात आवळासुपारी दिली, निभावलं. लहान मुलं असतील तर संगमेश्वरच्या आधी पोटभर मिसळ खायला घालू नका, एवढंच सांगेन. हातखंब्याला दहा वाजले. रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता इथे मिळतो आणि उतारावर अवजड गाड्यांचे अपघात होतात, त्यामुळे पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून उतरावं. लांजा, राजापूर, खारेपाटणच्या पुढे रस्ता मोकळा आणि गुळगुळीत झाला. सिंधुदुर्गात शिरलं की काम झालेला महामार्ग कसा असतो ते कळतं आणि मागच्या पट्ट्याचा राग पुन्हा येतो. कणकवलीच्या अलीकडे काकांचा फोन: "खंय पोचलास रे?" एक वाजता कुडाळ. सव्वादहा तास, थांबे धरून.

याच प्रवासात कोलाडला आणखी एक नवा पर्याय कानावर आला. कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा अशी कार वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू केली, गाडीमागे ७,८७५ रुपये. मला ती कुडाळकरांपेक्षा गोव्यात जाणाऱ्यांच्या कामाची वाटते. कोलाडपर्यंत यायचं तर स्वतःच, तिथे वाट बघायची आणि उतरल्यावर पुन्हा कुडाळपर्यंत गाडी चालवायची, यात दिवस जातोच.

परतीचं गणित वेगळं. जाताना लोक चार-पाच दिवसांत विभागून जातात, परतताना गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळे एकदम निघतात. त्या दिवशी माणगावची फट शोधून उपयोग नाही, कारण सकाळी कुडाळ-मालवणहून निघालेला प्रत्येक जण दुपारी-संध्याकाळी तिथे येतो. आम्ही म्हणून कणकवलीहून फोंडा घाट चढलो. राधानगरी, कोल्हापूर, सातारा, पुणे, एक्सप्रेसवे. पन्नास-साठ किलोमीटर जास्त पडतात आणि तेलाचे पैसेही, तरी मी हाच रस्ता सुचवेन.

घाट निवडताना आधी चौकशी करा. करूळ घाट म्हणजे वैभववाडी-गगनबावडा रस्ता २०२४ च्या जानेवारीपासून काँक्रिटीकरणासाठी बराच काळ बंद होता, तेव्हा सगळा भार भुईबावडा आणि फोंड्यावर आला. सावंतवाडीकरांना आंबोली जवळची. पण पावसाळ्यात तिथलं धुकं इतकं दाट असतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. फोंडा घाट अरुंद आहे, दाजीपूरच्या जंगलातून जातो, रस्त्यावर गवे येतात. तो अंधारात चढू नये. कुडाळहून पाचला निघालं की सव्वासहाच्या उजेडात पायथा गाठता येतो.

कोल्हापूरला साडेआठला नाश्ता. मिसळ इथे खा, आता पुढे वळणं नाहीत. सातारा ते कागल सहापदरीकरणामुळे कराडच्या आसपास सारखे वळसे होते, तिथे अर्धा तास जास्तीचा धरा. पुण्याचा बायपास दुपारी दोनच्या सुमारास पार झाला पाहिजे, हे या दिशेचं माणगाव. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रल करू नका, त्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात होत आलेत. चारनंतर वाकड-हिंजवडीला कंपन्या सुटायला लागतात, मग लोणावळ्याचा घाटही भरतो. एक्सप्रेसवेवर कारला शंभर आणि घाटात साठची मर्यादा आहे, कॅमेरे मोजतात.

टोलचं थोडक्यात. गणपतीत गावी जाणाऱ्यांना टोलमाफीचा पास वाहतूक पोलीस, पोलीस ठाणी आणि आरटीओकडून मिळतो. गाडीचा नंबर आणि प्रवासाच्या तारखा द्याव्या लागतात, तो आठवडाभर आधी घ्या आणि परतीची तारीखही त्यात टाकून घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर नाही. म्हणून फास्टॅगमध्ये वेगळी शिल्लक ठेवा.

पुण्याहून निघणाऱ्यांनी माणगावच्या वाटेला जाऊच नये. चिपळूण-गुहागरला जायचं तर कराडहून कुंभार्ली, रत्नागिरीला कोल्हापूरहून आंबा घाट, कणकवलीला फोंडा. २०२६ ला चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. म्हणजे शुक्रवारी रात्री आणि शनिवारी रस्ता तुंबणार. रजा मिळत असेल तर गुरुवारची पहाट धरा, नाहीतर रविवारी पहाटे अडीचला.